गरुडाचं आतडं

गरुडाची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तो आकाशातून कोसळत होता. समोरच्या बांधकामावरच्या उंच क्रेनच्या शिडीवरून हा गडी असा उतरला, की मला वाटलं, इमारतच त्याच्या मागे लागली आहे. कुंपण, रस्ता, माझी तुळशीची कुंडी, सगळं ओलांडून तो दारात उभा राहिला. "काका, संडास?" त्या दोन शब्दांत भूकंप, पूर आणि वादळ तिन्ही होती.

पुढं तो रोजचाच झाला. आत गेला की नळ पूर्ण सोडायचा, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. बाहेर आला की भिंतीकडे बघत हवामानावर बोलायचा.

तिथली क्रेन तोच चालवायचा, म्हणून सगळे त्याला गरुड म्हणायचे. साइटवर त्याचा काय दरारा! लोखंडी तुळई अशी ठेवायचा, जणू झोपलेलं बाळ. पण आतड्याला सूज होती, रक्त पडायचं. फोरमनला कळलं तर क्रेनची केबिन हातची जाईल, म्हणून तोंडाला कुलूप. पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं तर त्याहून पंचाईत. "काका, बाईमाणसाला कसं सांगू, कसं होतं ते?"

त्याच्या ताईलाही हाच आजार. ती गोळ्यांनी ठणठणीत झालेली. गरुडसाहेबांनी डोकं चालवलं. तिच्याच चिठ्ठीवर गोळ्या आणून गुपचूप सुरू केल्या. एकाच आईची लेकरं, मग गोळी काय सावत्र?

थोड्याच दिवसांत हेल्मेट काढलं की केसांचे पुंजके आत राहायला लागले. मग ताप, तोंडात फोड. शेवटी ताईनंच दंडाला धरून डॉक्टरीणबाईंपुढं बसवला.

"ही गोळी शरीरात निकामी करायचं काम ज्या जनुकाचं, ते तुमचं वेगळं आहे," बाई म्हणाल्या. "ताईंना जे औषध, ते तुम्हाला विष. पांढऱ्या पेशी संपत आल्यात. आधी रक्त तपासलं असतं तर कळलं असतं. विचारलं का नाही?"

"लाज वाटली," गरुड फरशीला म्हणाला.

"मेल्या, मरायची नाही वाटली?" ताई ओरडली आणि त्याच्या टकलावर हात ठेवून रडायला लागली.

वॉर्डात मी भेटायला गेलो तर त्याने चादर डोक्यावरून ओढून घेतली. आतूनच म्हणाला, "काका, फोरमनला अपेंडिक्स सांगा."

"अरे, अपेंडिक्सनं टक्कल पडतं का?"

चादर हलली. हसला की काय, कळलं नाही.

दुसरं औषध लागू पडलं. केसही आले. केबिनमध्ये मात्र तोवर दुसरा माणूस बसला होता, आणि तो अजून बसलेला आहे.