वलवणची विहीर आणि पाणी गेलेला खडा

लोणावळ्याला लोक हवा खायला जातात. आम्ही दोघं गेलो ते बोलणी खायला.

आमचे हे पुण्यात सोनारकाम करतात. वलवणच्या ठकूमावशींनी त्यांच्या सुंदराच्या लग्नासाठी एक हिरवा खडा अंगठीत बसवायला दिला होता. मावशींच्या यजमानांना तो विहीर खणताना काळ्या खडकाच्या पोकळीत सापडलेला. विहिरीला पाणी लागलं आणि पुढच्याच वर्षी ते तापानं गेले. बापाच्या हातचं पोरीला द्यायला एवढंच उरलं होतं. अंगठी सुरेख झाली, पण जरा सैल वाटली. म्हणून यांनी ती कापून लहान केली आणि खडा न काढताच सांधा जोडायला फुंकणीनं ज्योत दिली. खडा तडतडला, पांढराफटक पडला आणि कांद्यासारखे त्याचे पापुद्रे सुटले.

त्यानंतर यांनी फुंकणीला हात लावला नाही. पानावर बसायचे आणि नुसता भात चिवडायचे. कॉलेजात दगडांचा विषय शिकवणारे आमचे एक गिऱ्हाईक आहेत. ते म्हणाले, हा पाचू नव्हेच. गारगोटीचा लांबचा भाऊबंद, पण तिच्यापेक्षा मऊ, सुरीनं ओरखडा उठेल असा. आणि अंगात खरोखरीचं पाणी धरून असतो. तापवला की ते उडून जातं आणि खडा पानापानानं सुटतो. खड्याच्या तेजाला सोनार पाणीच म्हणतात. "म्हणजे दोन्ही अर्थांनी माझ्या हातून पाणी गेलं," हे म्हणाले.

मी म्हटलं, मावशी पुण्याला बाजाराला येईपर्यंत झुरत कशाला बसायचं? आपणच जाऊ. त्यांना वाचता येत नाही, आणि असली गोष्ट पत्र वाचणाऱ्या तिऱ्हाइताच्या तोंडून कळू नये.

तुम्ही जाणार असाल तर मार्गशीर्षात जा आणि पुण्याहून सकाळची गाडी धरा. आता विजेचं इंजिन आहे, त्यामुळे डोळ्यांत कोळसा जात नाही. डावीकडची खिडकी मिळवा. मळवलीला लोहगड आणि विसापूर अगदी जवळ येतात. भाताची कापणी झाली होती, खाचरांतून पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या. मी दाखवत होते आणि हे मांडीवरची हत्यारांची डबी धरून बसले होते. देवदर्शनाला निघाले तरी ती डबी बरोबर लागते. "मावशी काय बांगड्या करायला सांगणार आहेत का?" मी विचारलं. एरवी हसले असते.

लोणावळ्याला उतरल्यावर टांगेवाले साहेबलोकांचा भाव सांगतात. "वलवणला पाहुण्यांकडे जायचंय" म्हणावं, लगेच निम्म्यावर येतात. धरणाकडून वारा असा बोचरा येतो की शाल हवीच. मी यांची शाल घरी विसरले होते, तेव्हा माझीच दोघांनी आलटून पालटून घेतली.

मावशी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. आम्हाला बघून त्यांचा चेहरा फुलला. "या भाऊ, या वैनी. बसा, पानी आनते." यांना बसवेना. वाटभर घोकलेलं सगळं विसरून उभ्या उभ्याच म्हणाले, "मावशी, पाणी गेलं."

मावशींच्या हातातलं सूप खाली पडलं. त्या तांदूळ तुडवत घरामागं धावल्या. आम्हाला काही कळेना. आम्हीही मागोमाग गेलो. त्या विहिरीत वाकून बघत होत्या.

"हाय की पानी. कुनी सांगितलं तुमास्नी गेलं म्हून?"

"विहिरीचं नाही हो. खड्याचं. माझ्या हातून जळाला." यांनी अंगठी आणि खड्याचे पापुद्रे बांधलेली पुडी उघडून पुढं धरली.

मावशी काठावरच टेकल्या. "माझा जीवच गेलता. मला वाटलं हिरीचं गेलं." मग पुडीत बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. "त्यांच्या हातची येवढीच चीज व्हती वो, भाऊ." शिव्या ऐकायची तयारी करून आलेल्या माणसाला हे फार लागलं. यांची मान वर होईना.

तेवढ्यात सुंदरा घागर घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आम्हाला विहिरीच्या पायऱ्यांवरून खाली घेऊन गेली. दुपारचं ऊन आत उतरलं होतं. पाण्याच्या जरा वर, काळ्या खडकात परडीएवढी पोकळी होती. तिच्यात पांढऱ्या स्फटिकांचे पंखे आणि त्यांच्यावर चौकोनी अंगाचे, टोकदार, फिकट हिरवे खडे. पाण्यावरून परतलेली उन्हाची तिरीप त्यांच्यावर हलत होती. मी आजवर सोनाराच्या घरात इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही.

"त्यातला येक काढा भाऊ," मावशी वरून म्हणाल्या. यांनी डबीतून छिन्नी काढली.

"नगा काढू," सुंदरा म्हणाली. "बा म्हनायचा, हिरीला दिवं लागल्यात, कुनी हात लावू नगा. माझ्यासाठी त्येवढा येकच काढलेला त्येनं. मी माहेरी यीन तवा ह्ये समदं हितं असाया पायजे." मग पुडीकडं बोट केलं. "त्योच बसवा. जळका."

"पोरी, पांढरा पडलाय गं तो. शोभायचा नाही."

"पर बाच्या हातचा त्योच हाय न्हवं?"

हे ओसरीवर बसले. त्यातल्या त्यात जाड पापुद्रा निवडला. एका अंगानं त्याला मोत्यासारखी झाक होती. विस्तव नाही की ज्योत नाही. चुलीचा जाळ दिसू लागला तसे पाठ फिरवून बसले, आणि चांदीचं कोंदण थंडच ठेवून बोथट सळईनं जरा जरा दाबत राहिले. तोवर मी तांदळाच्या भाकरी थापायला बसले. मावळात गेलात तर आंबेमोहोर भात मागून खा, लाजू नका. वर पिठलं आणि ठेचा. कितीतरी दिवसांनी हे पोटभर जेवले.

अंगठी बोटात बरोबर बसली. सुंदरा यांच्या पाया पडली. आम्हाला मूलबाळ नाही. यांनी तिच्या डोक्यावर ठेवलेला हात बराच वेळ उचललाच नाही. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

परतताना स्टेशनाजवळ शेंगदाण्याची गूळदाणी घेतली. ताजी घ्या, बरणीतली जुनी दाताला चिकटते. गाडीत हे शाल गुंडाळून झोपले, म्हणजे माझी शाल. दुसऱ्या दिवशी सकाळी फुंकणीच्या आवाजानं मला जाग आली. आता कुणी अनोळखी खडा आणला की हे आधी विचारतात, "कुठं सापडला?" आणि त्यानंतरच हात लावतात.

लग्नानंतर मावशी बाजाराला आल्या तेव्हा लेकीच्या सासरची खबर सांगत बसल्या. सासूनं म्हणे अंगठी निरखून पाहिली आणि म्हणाली, "सूनबाई, ह्या खड्याला पानीच न्हाई."

सुंदरा म्हणाली, "हाय की. माहेरच्या हिरीत ठिवलंया."