बाईंच्या भातात काय होतं

आमच्या बाई भाताशिवाय काही खायच्या नाहीत, आणि भातही मोकळा, कोरडा, नुसतं मीठ घातलेला. वरणाचा थेंब लागला की ताट बाजूला. बाई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं, आरमोरीला आमच्याच घरी असायच्या. पन्नाशी उलटली तरी जेवणाचे हे नखरे पाहून माझं डोकं फिरायचं.

लग्नाच्या पंगतीत त्या स्वतःचा डबा उघडून बसायच्या. लोक हसायचे, मी लाजेने मरायचे. एकदा विचारलंच, वरणाने काय घोडं मारलंय तुमचं? म्हणाल्या, "एकाच घासात मऊ अन् ओलं लागते, मंग मले गिळताच येत नाई. गळा कोणी धरल्यावानी वाटते." मला ते सगळं थोतांड वाटलं.

तीन वर्षांपूर्वी त्या फार वाळल्या. मी शहाणपणा केला. भाताच्या पाण्यात गुपचूप दोन चमचे दुधाची पावडर टाकली. बाईंनी एक घास घेतला, थांबल्या, घास हातावर काढला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

जेवण बंद. मला वाटलं, भूक लागली की झक मारत खातील. दुसऱ्या दिवशी साधा भात केला, शपथा घेतल्या, तरी नाही. चौथ्या दिवशी न्हाणीपाशी कोसळल्या. मी हादरूनच गेले. धानाने भरलेल्या घरात, माझ्यामुळे माणूस उपाशी मरायला टेकलं होतं.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाईंनी लहानपणापासूनचं सगळं विचारून घेतलं. म्हणाल्या, "या स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक असाव्यात, नीट तपासून घ्या. पण हा हट्ट नाही." पन्नास वर्षं आम्ही सगळे त्यांना हट्टीच म्हणत आलो होतो. बाई खाटेवरून हळूच बोलल्या, "तू सांगतलं असतं तं मी नाई म्हटलं असतं, बस. आता मले हरेक घासाचा भेव वाटते."

घरी आल्यावर त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलायच्या, पण भात स्वतः शिजवायच्या. माझ्या हातचं त्यांनी पुन्हा कधीच खाल्लं नाही. या उन्हाळ्यात छातीच्या दुखण्याने गेल्या.

त्याआधीच्या हिवाळ्यात मी तापाने पडले होते. बाई ताट घेऊन आल्या. भात आणि वेगळ्या वाटीत वरण. वरणाचा वास त्यांना सोसत नसे, म्हणून नाकाला पदर बांधला होता. "भातात तांदूळ, पाणी, मीठ. वरणात तुरीची डाळ, हळद, मीठ. आणखी काईच नाई टाकलं," त्या म्हणाल्या. मी काही विचारलंही नव्हतं. घास हातातच राहिला आणि मला रडू कोसळलं.