सरकारी म्हशीचं अर्धा लिटर दूध

कलेक्टर कचेरीत जप्तीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. फायलींबरोबर तेही साठत जातात. फरक एवढाच, की फायली कधी ना कधी निकाली निघतात!

मी धाराशिवला अव्वल कारकून. काम सांगायला सोपं. लोकांच्या ठेवी बुडवणाऱ्यानं त्या पैशातून जे जे घेतलं ते जप्त करायचं, कोर्टानं हो म्हटलं की विकायचं, आणि ज्यांचं बुडालं त्यांना वाटायचं. ढोकीकडच्या एका गावातला शेठ असाच दामदुप्पट योजना काढून बसला होता. त्यानं बुडवलेल्यांच्या यादीत त्याच गावच्या कौसाबाई होत्या. सात हंगाम ऊस तोडून साठवलेलं सगळं त्यांनी त्याच्याकडं ठेवलं होतं. दर सोमवारी त्या टेबलापाशी येऊन उभ्या राहायच्या.

"इकलं का सायेब काय?"

"नाही मावशी, अजून."

"बरं." एवढं म्हणून परत एसटी धरायच्या. मला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही.

*

पहिला पंचनामा शेठच्या बंगल्याचा. पंच कसे हवेत? त्रयस्थ! गावात बघावं तर प्रत्येक घरातून ठेव गेलेली. शेवटी आमचे तलाठी दत्ताभाऊ जीप घेऊन पार येरमाळ्याला गेले आणि दोन भली माणसं घेऊन आले.

सोफा लिहिला, फ्रीज लिहिला, भिंतीएवढा टीव्ही लिहिला. सहीची वेळ आली तसा एक पंच पेन हातात धरून नुसताच उभा राहिला.

"सही करा की."

"करतो सायेब. पर आदी एक इचारायचं व्हतं. माजं चाळीस हजार हायत ह्यात, ते कुठल्या रकान्यात लिवायचं?"

*

शेठनं गावच्या देवळाला मोठी पितळी घंटा दिली होती. तीही ठेवीदारांच्याच पैशातली, म्हणजे जप्त. आता नियम असा, की वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याला आधी नोटीस द्यायची. पुजाऱ्यांनी हात वर केले. "घंटा माजी न्हाय, देवाची हाय. नोटीस त्यालाच द्या."

दत्ताभाऊ शांत माणूस. ते नोटीस घेऊन गेले आणि अहवाल घेऊन आले. तो मी अजून जपून ठेवला आहे.

"सदर इसम जागेवर समक्ष हजर आढळले. नोटीस वाचून दाखवली. सही करण्यास तयार नाहीत. सबब नोटीस भिंतीवर डकवून बजावली."

साहेबांनी तो दोनदा वाचला आणि घंटा यादीतून काढायला सांगितली.

*

बंगल्यातल्या पितळी कड्यांच्या झोपाळ्याचा लिलाव होता. बोलीला बरीच माणसं जमली होती. त्यात एक रिटायर गुरुजी, पेन्शनची सगळी रक्कम शेठकडं अडकलेली. गुरुजी आले, चपला काढल्या, झोपाळ्यावर बसले आणि डोळे मिटून दहा मिनिटं झोके घेतले. मग उठून चपला घालायला लागले.

"गुरुजी, बोली?"

"मला काय घ्यायचं न्हाय. माजा पैसा कसा झुलतो, तेवढं बघायचं व्हतं!"

*

शेठची मुऱ्हा म्हैसही जप्त झाली, गाभण. म्हशीला लाखेचं सील लावून कोपऱ्यात ठेवता येत नाही. तिला रोज वैरण लागते. गावात कुणी घ्यायला तयार होईना, तेव्हा कौसाबाई पुढं झाल्या. सुपुर्दनाम्यावर अंगठा दिला. म्हणजे म्हैस सांभाळायची, दूध डेअरीला घालायचं, चाऱ्याचा खर्च वजा करून उरलेले पैसे सरकारी खात्यात भरायचे.

पुढं म्हैस व्याली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "पहिले चार दिवस डेअरीला दूध दिसत नाही. चिकाचं काय केलं?"

दत्ताभाऊंनी मिशी पुसली. "नाशवंत मुद्देमाल व्हता सायेब. जागेवरच निकाली काढला."

*

शेठला जामीन मिळाला, पण तालुक्यात पाय ठेवायला बंदी. तरी त्यानं वकिलाकरवी कोर्टात अर्ज टाकला. तपासणीत पंचांसमोर धार काढली तेव्हा सकाळचं चार लिटर भरलं, डेअरीच्या पावत्या मात्र रोज साडेतीन लिटरच्या. सबब कौसाबाई दूध चोरतात, म्हैस मला परत द्या!

खरं सांगतो, माझं डोकं फिरलं. अख्खं गाव बुडवलेला माणूस अर्ध्या लिटरचा जाब मागत होता. पण कोर्टानं माझा अहवाल मागवला. चोरी निघाली तर म्हैस जाणार, वर सुपुर्दनामा मोडला म्हणून कौसाबाईंवरच गुन्हा. आणि त्या खरंच दूध घेत असतील तर, ही भीतीही मनात होतीच.

सकाळी न सांगताच गेलो. कौसाबाईंनी माझ्यासमोर धार काढली. चार लिटर भरलं. साडेतीन किटलीत ओतलं, अर्धा लिटर तांब्यात घेतलं, वर झाकणी ठेवली आणि तांब्या कुडापलीकडच्या दगडावर नेऊन ठेवला.

मग माझ्यासाठी आणि स्वतःसाठी चहा केला. कोरा.

"दूध नाही घालत मावशी?"

"सरकारची म्हैस हाय. अंगठा दिलाय म्या."

तेवढ्यात डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी आली, तांब्या उचलून पदराआड धरला आणि कुणाकडं न बघता निघून गेली. मी तिला ओळखलं. शेठची आई. बंगल्याला सील लागल्यापासून ती मागच्या पत्र्याच्या खोलीत एकटीच राहत होती.

"मावशी, हे आधी का नाही सांगितलं? त्याच्याच आईला जातंय असं लिहितो, अर्ज आजच फेटाळला जाईल!"

मी फाईल उघडली. कौसाबाईंनी पानावर हात ठेवला.

"तिचं नाव कागदावर नगा आणू सायेब. पोरापायी लई ऐकलंय तिनं."

"मग रोजचं अर्धा लिटर कुठं गेलं म्हणून लिहू?"

त्यांनी कोरा चहा बशीत ओतला.

"लिवा, म्या पिलं."