न पोचलेले फोटो

मिलिंदभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी राजुरीच्या घरी ओट्यापाशी उभी होते. फोनवर त्यांची बायको, प्रज्ञावहिनी. "ताई, गेले ते," एवढंच म्हणाल्या आणि मागून कुणीतरी फोन काढून घेतला. ही बातमी येणार हे आम्हा सगळ्यांना महिनोन्महिने ठाऊक होतं. तरी हातातलं भांडं कुठे ठेवावं ते मला सुचेना. आता काही आठवडे उलटलेत. हॉस्पिटलात त्यांचा विषय निघतो आणि लगेच थांबतो, कारण तो विषय निघाला की त्या सकाळपाशीच येऊन थबकतो.

मिलिंदभाऊ पेठ गावचे. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून त्यांनी आंबेगाव-जुन्नरमधल्या दवाखान्यांची, पतपेढ्यांची नेटवर्कची कामं धरली होती. हायवेलगतच्या आमच्या हॉस्पिटलात मी ऑफिस सांभाळते, त्यामुळे सर्व्हर अडला की फोन मीच करायची. "आलोच ताई," म्हणायचे आणि खरंच यायचे. आल्या आल्या पायातले बूट काढायचे, सर्व्हरच्या खोलीत देवघरात जावं तसे अनवाणी जायचे. मोठ्याने हसायचे, चहात साखर जास्त मागायचे, आणि कुणाच्याही घरचा टीव्ही बिघडला तरी नाही म्हणायचे नाहीत.

आमच्याकडे छातीचा एक्स-रे काढला की तो सर्व्हरमार्फत स्टोरेज नावाच्या दुसऱ्या यंत्रात जाऊन साठतो. पुण्यातले डॉक्टर तिथूनच तो बघतात आणि रिपोर्ट पाठवतात. मागच्या वर्षी हे जोडणीचं दुखणं सुरू झालं. सर्व्हरच्या पडद्यावर 'स्टोरेज सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश यायचा. मिलिंदभाऊ सर्व्हर रीस्टार्ट करायचे, सगळं सुरळीत व्हायचं. चार-आठ दिवसांनी पुन्हा तेच. मधल्या काळात काही पेशंट विचारायला यायचे, "रिपोर्ट आला न्हाई व्हय अजून?" शोधलं तर फोटोच नसायचा. राहिला असेल म्हणून पुन्हा काढायचो. जे विचारायला आले त्यांचं निभावलं... जे आले नाहीत त्यांचा विचार कुणाच्या मनात आला नाही.

एक दिवस सकाळीच पुन्हा जोडणी तुटली. ओपीडी भरलेली, सगळे म्हणत होते, रीस्टार्ट करा आणि मोकळे व्हा. मिलिंदभाऊंनी मान हलवली. "आज न्हाई. ही सारखी तुटती का, ते बघितल्याशिवाय हात लावायचा न्हाई." त्यांनी एकेक वायर काढून पाहिली, स्विच बदलून पाहिला. शेवटी मेडिकलच्या काउंटरवर नव्याने बसवलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या मशिनपाशी आले. ते मशिन बंद केलं की स्टोरेज सापडायचं, चालू केलं की हरवायचं. बसवणाऱ्याने त्याला नेटवर्कवर नेमका स्टोरेजचाच पत्ता दिला होता. एका पत्त्यावर दोन घरं, आणि सर्व्हर कधी या दारात जायचा, कधी त्या.

मला वाटलं, सुटलो. पण मिलिंदभाऊ खुर्चीतून उठेनात. चेहरा उतरलेला. "ताई, जोडणी तुटलेली असताना काढलेले फोटू गेले कुठं?" मग मला समजावं म्हणून म्हणाले, "समजा फरशीवर कागद पडलेत आणि आपण वर सतरंजी हातरली. सतरंजी नीट दिसती, खालचं काय दिसत न्हाई. जोडणी नसली की फोटू सर्व्हरच्याच पोटात पडत व्हते. मी रीस्टार्ट करायचो, जोडणी यायची, आन् ते झाकले जायचे. दर खेपेला मीच सतरंजी हातरून जात व्हतो."

त्यांनी स्टोरेज मुद्दाम अलग केलं आणि खालचा फोल्डर उघडला. पडद्यावर नावं वर सरकू लागली. मधेच त्यांचा हात थांबला. तिथं त्यांचंच नाव होतं. काही महिन्यांपूर्वी खोकला होता म्हणून आमच्या एक्स-रेवाल्याने आग्रहाने त्यांचा फोटो काढला होता. रिपोर्ट आला नाही म्हणजे काही नसेल, असं तेही धरून चालले होते... फोटोत फुप्फुसाच्या वरच्या बाजूला काहीतरी पांढरं होतं. मला त्यातलं कळत नाही, पण ते तिथं नसायला हवं होतं एवढं कळलं. "भाऊ, हे तर..." मी म्हटलं. "असू द्या," ते म्हणाले. "आधी सगळे पाठवू."

दुपारी पुण्याहून डॉक्टरांचा फोन आला. दोघांना ताबडतोब बोलवा. एक डिंभ्याच्या पार्वतीबाई, दुसरे मिलिंदभाऊ. पार्वतीबाईंचा फोन बंद. एसटीचा तर भरवसाच नाही. आम्ही म्हणत होतो, भाऊ, तुम्ही आधी पुण्याला निघा. ते हॉस्पिटलच्या गाडीत जाऊन बसलेसुद्धा. "ती बाई माझ्यामुळं ऱ्हायलीय," म्हणाले. मीही सोबत गेले.

धरणाच्या कडेला घर, दारात जाळी वाळत घातलेली. पार्वतीबाई अंगाने पार सुकून गेल्या होत्या, पण आम्हाला बघून हसल्या. "फोटू काढला, कुनी काय बोललं न्हाई. म्हंजी चांगलाच असंल की." मिलिंदभाऊ त्यांच्याजवळ उकिडवे बसले. "चांगला न्हाई मावशी. लई उशीर झालाय. चला." परतीच्या वाटेवर दिवस कलला. दोन्ही बाजूंना उभा ऊस. ड्रायव्हरने बिबट्याच्या धास्तीने न सांगताच काचा वर घेतल्या. बंद गाडीत दोघांचा खोकला आळीपाळीने ऐकू येत होता. पार्वतीबाई म्हणाल्या, "लेकरा, तू बी खोकतुयास."

"व्हय मावशी. माझा बी फोटू आजच घावलाय."



पार्वतीबाईंना टीबी निघाला, औषधांनी त्या उभ्या राहिल्या. मिलिंदभाऊंना कॅन्सर. आधी कळलं असतं तर वाचले असते का, असं वहिनींनी पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. ते 'सांगता येत नाही' वहिनींनी पेठला नेलं, मी राजुरीला आणलं. उपचार चालू असतानाही भाऊ मधूनमधून यायचे, डोक्याला रुमाल बांधलेला, शर्ट अंगावर लोंबणारा. मी एकदा विचारलं, राग येत नाही का? "येतो की. पन बटन दाबनारा मीच व्हतो राव," म्हणाले, आणि हसायला गेले तर खोकल्याची उबळ आली.

पेठला जलदानविधीच्या दिवशी पार्वतीबाई आल्या होत्या. फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि बराच वेळ तिथंच बसून राहिल्या.

गेल्या आठवड्यात दुपारी ऑफिसात असताना प्रज्ञावहिनींचा फोन आला. आवाज दबलेला. "ताई, तुमच्याकडं काय बंद पडलंय का? ह्यांच्या फोनवर मेसेज आलाय. स्टोरेज तुटलं म्हनून." जोडणी तुटली की पहिला मेसेज स्वतःच्या फोनवर यावा, अशी सोय भाऊंनी शेवटच्या फेऱ्यांमध्ये कधीतरी करून ठेवली होती. आम्हाला माहीतच नव्हतं. वहिनी तो फोन अजून चार्ज करून ठेवतात. "मेसेजच्या यादीतून त्यांचा नंबर काढायला सांगते मी," मी घाईने म्हटलं.

"नगा काढू," त्या म्हणाल्या. "येऊ द्या त्यास्नी मेसेज. मी तुमाला फोन करीत जाईन."

मी बाहेर आले. एक्स-रेच्या खोलीपुढे बाकावर माणसं बसली होती, एक म्हातारे गृहस्थ तोंडावर रुमाल धरून खोकत होते. मी आत एक्स-रे काढणाऱ्या मुलीला म्हटलं, थांब, आता कुणाचाही फोटो काढू नकोस. मग सर्व्हरच्या खोलीपाशी गेले, चपला दाराबाहेर काढल्या आणि आत शिरले.