फोनवरचं खलास

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही — पण दत्ताभाऊचा फोन येऊन गेला की मला घरात बसवत नाही. इथे कतारमध्ये, उम्म सलालच्या रस्त्यांवर उगाच गाडी फिरवत राहतो.

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. सिव्हिल इंजिनिअर. त्याचा मला गर्व होता, आजही आहे.

काम होतं एक खोली पाडायचं. अणुभट्टी नव्हे, ती इथे नाहीच. पाइपांचे जोड तपासायला किरणोत्सारी कॅप्सूल वापरतात, त्या ठेवायची जाड काँक्रीटची खोली. एक कॅप्सूल कधीतरी गळली आणि ते विष जमिनीत मुरलं. थर फोडायचा, किरणोत्सार मोजणारा मीटर फिरवायचा, पुन्हा फोडायचा. मीटर माझ्या हातात. नेपाळी, बंगाली, मल्याळी, मराठी — सगळ्यांना कळेल असा एकच शब्द ठरलेला. मीटरवाला ‘खलास’ म्हणाला की जागा साफ, मास्क काढायचा. त्याआधी नाही.

परभणीकडचा दत्ताभाऊ काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालवायचा. पहिल्याच दिवशी हसला होता, “सायेब, आमच्याकडं माणूस गेला की खलास म्हणत्यात. जरा बघून म्हणा.”

एक दिवस काँक्रीटमधली सळई उघडी पडली. गंजलेली. अशा सळईच्या कडेनं पाणी खोल उतरतं, विषही सोबत नेतं — म्हणजे आधी तिथे मीटर लावायचा. मला ठाऊक होतं. तेवढ्यात मॅनेजरचा फोन. यल्ला, यल्ला, लवकर आटपा, फोडून झालं का? मी म्हणालो, “खलास सर, खलास.” फोडून झालं, एवढंच म्हणायचं होतं.

वळलो, तर दत्ताभाऊनं मास्क काढलेला. हातमोजेही. सळईपाशी उकिडवा बसून तोंड पुसत होता.

एक हाक पुरली असती — नाही का? पण मग सगळ्यांना कळलं असतं, इंजिनिअर चुकला. मी मीटरची बटणं चाचपत उभा राहिलो. तो सावकाश उठून दाराकडे गेला, तेव्हा मी मीटर सळईला लावला. मीटर किंचाळायला लागला. मी त्याचा आवाज बंद केला.

दारात त्याला तपासायचं कामही माझंच. त्याच्या तळहातांवरून मीटर फिरवला. काटा हलला. “भाऊ, हात नीट धुवा,” एवढंच म्हणालो. त्यानं धुतले, पुन्हा दाखवले. या वेळी काटा हलला नाही. पण श्वासातून आत गेलं असेल ते? वर कळवलं असतं तर तपासण्या झाल्या असत्या. मी कळवलं नाही.

आता तो गावी असतो. त्याचा फोन आला की मी आधी तब्येत विचारतो. घरच्यांना तो कौतुकानं सांगतो, सायेब कसा जीव लावतात. आणि फोन ठेवताना अजून गमतीनं म्हणतो, “चला सायेब, खलास.”

मी हो म्हणतो.