चौबळबाईंनी घेतलेला स्वच्छ जबाब

नाव: श्रीमती मंदाकिनी दत्तात्रेय चौबळ. वय: ७९ वर्षे. धंदा: सेवानिवृत्त लघुलेखक, न्यायालय, ठाणे. राहणार: डोंबिवली पूर्व, दुसरा मजला, उद्वाहन नाही. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन्सिलीचा घट्टा. साक्षीदारांशी नाते: नाही. ताशेरे, शिक्षा, खातेनिहाय चौकशी: निरंक.

एवढ्यावर आपल्याला ओळखायला चौबळबाईंची हरकत नसावी. चौतीस वर्षं त्यांनीही लोकांना एवढ्यावरच ओळखलं. कोर्टात साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश त्यातलं कामाचं तेवढं सांगायचे आणि बाई ते टिपून टंकायच्या. बाकीचं हवेत जायचं: रडणं, शिव्या, देवाच्या शपथा आणि मुख्य म्हणजे ऐकीव गोष्टी. स्वतः पाहिलं असेल तर सांगा, शेजारणीनं सांगितलं असेल तर शेजारणीला आणा. पुढे पुढे काय गाळायचं हे बाईंना न्यायाधीशांच्या आधी कळायला लागलं. 'चौबळबाईंचा जबाब स्वच्छ असतो,' असं वकील म्हणायचे, आणि वकील कुणाला फुकट चांगलं म्हणत नाहीत.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी बाई उल्हासनगरला पलंग घ्यायला गेल्या. दुकान भसीन नावाच्या पंजाबी कुटुंबाचं होतं. दुकानदाराची आई, वीरांवाली, दारातल्या स्टुलावर बसलेली असे. बाई पलंगावर बसून गादी दाबून बघत होत्या, तेवढ्यात तिनं सांगून टाकलं, की मी सात वर्षांची होते, रावळपिंडीजवळचं गाव, सत्तेचाळीस साल, आमचं घर कापलं. असं, घर कापलं.

बाईंनी विचारलं, "हे कुणी लिहून घेतलंय का?"

"कौन लिखेगा, बहनजी?"

बाईंचा एकच सिद्धांत होता: कागदावर नाही ते घडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या वही-पेन्सिल घेऊन हजर. सहा वर्षांत त्यांनी उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पातल्या म्हाताऱ्यांचे तेवीस जबाब घेतले. मुलगा साकेत म्हणाला, "आई, निदान टेपरेकॉर्डर तरी घेऊन जा गं."

"टेपरेकॉर्डरला काय गाळायचं ते कळत नाही," बाई म्हणाल्या. साकेतनं विषय सोडला. त्या घरात विषय लवकर सुटतात.

बाई शाळाशाळांतून हे जबाब वाचून दाखवू लागल्या. मुलांना कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलांना काय कळलं याची नोंद नाही. एका शाळेत पहिला प्रश्न आला, हे पेपरला आहे का. नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न आला नाही.

तेवीसपैकी बावीस साक्षीदार वारले. वीरांवाली २०१६मध्ये गेली. तेविसावे गृहस्थ टिटवाळ्याला मुलीकडे आहेत, पण ते मुलीलाच वहिनी म्हणतात.

गेल्या चौदा ऑगस्टला ठाण्याच्या एका शाळेनं बाईंना बोलावलं. फाळणीचा स्मृतिदिन पाळा, असं परिपत्रक होतं. इतिहासाच्या भावना मॅडमनी दारातच सांगितलं, "बाई, वीस मिनिटांत होईल ना? पाठोपाठ समूहगीत आहे, मुली साड्या नेसून बसल्यात."

बाईंनी वीरांवालीचा जबाब वाचला. "हल्लेखोर शेजारच्या गावातून आले. वडिलांचे मित्र, धर्माने मुसलमान, यांनी साक्षीदारास गुरांच्या चाऱ्यात लपविले. त्यामुळे साक्षीदाराने हल्ला पाहिला नाही. घरातील अकरा इसम मारले गेल्याचे साक्षीदारास नंतर कळले. वाचून दाखविले, बरोबर आहे."

नववीतली सान्वी उठली. "त्या अकरा जणांची नावं काय होती?"

"ए सान्वी, बस ना यार," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"नावं जबाबात नाहीत," बाई म्हणाल्या. "साक्षीदारानं प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं."

"पण घरचेच होते ना त्यांच्या?"

समूहगीताची पेटी वाजली. बाईंना हायसं वाटलं असावं. पण ते फार टिकलं नाही.

हॉलच्या दारात तिशीतली एक मुलगी थांबली होती. "मी ऐश्वर्या भसीन. वीरांवालीची नात. वागळे इस्टेटला नोकरीला आहे, आज सुट्टी टाकून आलेय. भावना माझी मैत्रीण, तिनं सांगितलं तुम्ही येणार म्हणून. आजी, मला ती यादी हवी होती."

"कोणती यादी?"

"अकरा नावांची. छावणीत माझ्या आजीच्या मामानं तिच्याकडून पाठ करून घेतलेली. कोण, किती वर्षांचं, सगळं. रोज दिवा लावताना म्हणायची. मलाही बसवायची, मी पळून जायचे. मग तिनं सक्ती सोडलीच. म्हणायची, कोर्टवाली बहनजीने लिख लिया है, अब मुझे फिक्र नहीं."

"तुमच्या वडिलांना येत असतील."

"पप्पांना तीन यायची. ते कोविडमध्ये गेले."

"आणि तुम्हाला?"

"मला चाल आठवते," ऐश्वर्या म्हणाली. "नावं नाही आठवत."

"घरी बघून सांगते," बाई म्हणाल्या.

बघायचं काही नव्हतं, हे त्यांना तिथंच माहीत होतं. घरी येऊन तरी त्यांनी तेवीसही फायली काढल्या. 'नंतर कळले' हे शब्द एक्केचाळीस वेळा सापडले. त्या शब्दांपुढे कुठेच काही नव्हतं.

साकेतचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाला, "मी तेव्हाच टेपरेकॉर्डर म्हणालेलो."

"म्हणाला होतास."

"आता काय करणार, आई? सांगून टाक तिला."

वीरांवालीचा जबाब घेतला त्या दुपारचं बाईंना बाकी सगळं आठवत होतं. जबाब संपत आला होता. वीरांवालीनं डोळे मिटले आणि एका दमात अकराही नावं म्हटली. बाईंनी विचारलं होतं, "आपने खुद देखा?" ती म्हणाली, नाही, मामानं सांगितलं, आणि पुन्हा डोळे मिटून पहिल्यापासून सुरू झाली. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. कोर्टात साक्षीदार भरकटला की असंच करायचं असतं. त्याला बोलू द्यायचं, हात थांबवायचा. नावं चालू असताना त्या समोरच्या शिसवी पलंगाकडे बघत होत्या. त्याची उशाची फळी आपल्या खिडकीखाली बसेल का, याचा विचार करत होत्या.

वीरांवालीनं डोळे उघडले. "लिख लिया, बहनजी?"

"हां जी," बाई म्हणाल्या. लिहिण्यासारखं तेवढं सगळं लिहिलं होतंच.

फळी खिडकीखाली बरोबर बसली. आता बाई त्याच पलंगावर डोळे मिटून, हातात पेन्सिल धरून बसल्या. तासाभरानं कागदावर काही नव्हतं. साक्षीतलं जे हाताखालून गेलं नाही, ते त्यांच्या डोक्यात कधीच राहत नसे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऐश्वर्याला फोन केला. "नावं मी लिहिली नव्हती."

"पण तिनं सांगितली होती ना तुम्हाला?"

"सांगितली होती."

"सगळी?"

"दोनदा."

"बरं," ऐश्वर्या म्हणाली आणि फोन ठेवला.

आठवड्यानं भावना मॅडमचा फोन आला. वीरांवालीचा जबाब शाळेतर्फे ऑनलाइन नोंदवायचा होता, पुढच्या वर्गांना उपयोगी पडावा म्हणून. "बाई, बाकी सगळं भरलं. एकच अडलंय. 'मृतांची नावे' असा रकाना आहे. रिकामा ठेवला तर फॉर्म पुढेच जात नाहीये. काय घालू?"



"निरंक घाला," त्या म्हणाल्या.

फॉर्म पुढे गेला. नोंद परिपूर्ण असल्याची पोचही आली.

माणसं अकरा होती.