तीन चॅनेलचा रविवार

परवा ग्वाल्हेरात, थाटीपुरच्या आमच्या घरी पुतण्यानं नवा टीव्ही बसवून दिला. शेकडो चॅनेल भराभर फिरवून दाखवली आणि हसत म्हणाला, "काकू, तुमच्या विलायतेत तर तीनच होती ना? तीन में क्या होता होगा? बोर नाही व्हायचात?" बोर व्हायला फुरसत कुणाला होती! तीन चॅनेल आणि घरात माणसं तीन, त्यामुळे रविवारी टीव्हीचा एकेक तास कुणा ना कुणाच्या मालकीचा असे. माझ्या तासाला कुणी बटणाला हात लावलेला मला खपत नसे.

माझे यजमान डॉक्टर. ग्वाल्हेरच्या कंपू भागात राहून डॉक्टरी शिकले आणि इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणगावात हॉस्पिटलात लागले. आम्हाला एकच मुलगी. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मी सांगते आहे त्या वर्षी ती सात वर्षांची होती. तिची शाळा ओठ वाचायला आणि तोंडानं बोलायला शिकवायची, आणि तिथे हातवाऱ्यांना सक्त मनाई होती. वर्गात हात वळवळले तर मुलांना हातांवर बसवत. घरीही तसंच करा, असं आम्हाला सांगितलं होतं. शिवाय दोन भाषांनी गोंधळ होईल, तेव्हा फक्त इंग्रजी बोला. म्हणजे मी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मराठी घरात जन्मलेली बाई, पोटच्या पोरीशी इंग्रजीत बोलत होते, तेही हात मांडीवर ठेवून.

चित्र दाखवलं की ती त्याचं नाव सांगे. बॉल, शू, मिल्क. परक्या माणसाला तेही कळत नसे. यजमान म्हणत, धीर धर, येईल. डॉक्टर माणूस, त्यांचा शाळेवर विश्वास होता. मला कविता नको होत्या, पाढे नको होते. दाखवलेल्या वस्तूचं नाव सोडून तिनं आपण होऊन मला काहीतरी सांगावं, एवढंच हवं होतं. ग्वाल्हेरहून पत्रं येत, की आपल्याकडे मुलं उशिराच बोलतात. ती वाचून मी चुलीत घातली असती, पण तिथे चूल नव्हती.

रविवार सकाळी उजाडायचा तो माझ्या तासानं. आपल्याकडच्या लोकांसाठी हिंदी-उर्दूत एक कार्यक्रम असे. थोड्या बातम्या, एखादी मुलाखत, शेवटी गाणं. चहाचा कप घेऊन मी समोर बसले की हॉस्पिटलातून तातडीचा फोन आला तरी उठत नसे. मग शेतकऱ्यांचा कार्यक्रम. तो यजमान बघत. आमच्या सात पिढ्यांत कुणी गाय पाळलेली नाही, पण हे गृहस्थ गाईंच्या खुरांचे आजार मान हलवत ऐकत. रात्री जुन्या काळातली मालिका असे, लांब झगे आणि घोडागाड्या. ती आम्ही दोघं बघायचो आणि नायिकेच्या लग्नावरून भांडायचो.

संध्याकाळचा तास मुलीचा. चर्चमधली भजनं लागत. शेकडो माणसं ओळीनं उभी, सगळ्यांची तोंडं एकदम उघडतात, एकदम मिटतात. ती पडद्याला नाक लावून बसे आणि त्यांच्याबरोबर तोंड उघडून आवाज काढी. त्या गर्दीत कुणाचा आवाज कुठला, कुणाला कळणार? तिला तिथे कुणी चुकलीस म्हणत नव्हतं. मला ते बघवत नसे आणि टीव्ही बंदही करवत नसे.

त्या उन्हाळ्यात ग्वाल्हेरहून मामंजी आले, माझे सासरे. संस्थानी शिस्तीतले. आयुष्यभर त्यांनी जेवताना मौन पाळलेलं. चित्राहुती घातली की पान संपेपर्यंत तोंडातून अक्षर नाही. चिमूट वळली की मीठ, पानावर पंजा आडवा धरला की पुरे, आणि वरणात काही कमी पडलं की भुवया. घरातल्या सगळ्या सुना ही भाषा पहिल्या महिन्यात शिकत. माझी मुलगी चार दिवसांत शिकली. जेवायला त्यांच्या शेजारी बसू लागली आणि मिठाची वाटी सुनेच्या आधी नातीनं पुढे करायची, असा रिवाज पडला.

दुपारचा तास मामंजींनी ताब्यात घेतला. रविवारी क्रिकेट असे, एका दिवसात संपणारं. मामंजींचा जीव त्यात, आणि नातीचा जीव अंपायरमध्ये. तो लांब पांढरा कोट घातलेला माणूस तोंड न उघडता सगळ्या मैदानाला हुकूम सोडतो, हे तिनं पाहिलं आणि तिला भलतंच आवडलं. पंधरा दिवसांत तिनं सगळ्या खुणा उचलल्या. नावडती भाजी वाढली की दोन्ही हात पसरून वाईड. बाप ड्यूटीवर निघाला की एक बोट वर, आऊट. मामंजी खो खो हसत.

यजमान आधी हसले, मग गंभीर झाले. एका रात्री जेवणं झाल्यावर म्हणाले, "बाबा, हे असं नका करू. तिची आदत बिघडेल. हात चालायला लागले की तोंड बंद पडतं, शाळेनं साफ सांगितलं आहे."

"अरे, पण ती बोलते आहे माझ्याशी," मामंजी म्हणाले. "तू खामखा टोकतोस तिला."

"ते बोलणं नाही, बाबा. इशारे आहेत."

"मग मी काय साठ वर्षं जेवताना मुका होतो?"

यजमान उठून गेले. दोघांचंही मला पटत होतं. त्याचाच राग येत होता.

पुढच्या रविवारी माझा कार्यक्रम संपला आणि मी टीव्ही तसाच चालू ठेवून पोळ्या लाटायला गेले. थोड्या वेळानं मुलगी धावत आली आणि माझा पदर धरून ओढू लागली. पिठाच्या हातांनी मी तिच्या मागे गेले. पडद्यावर एक दाढीवाला माणूस आणि दोन बायका बसल्या होत्या. तिघंही हातांनी बोलत होते, आणि त्यांचं बोलणं खाली अक्षरांत उमटत होतं. बहिऱ्या लोकांसाठी नव्यानंच सुरू झालेला कार्यक्रम होता तो, शेतकऱ्यांच्या आधी लागलेला. दाढीवाला सुतार होता. आपल्या बायकोनं टाकलेलं लोणचं कसं फसलं ते सांगत होता, आणि त्या दोघी हसून बेजार झाल्या होत्या.

कानानं ऐकू न येणारं मोठं माणूस मी तोवर पाहिलंच नव्हतं. तिनं तर नाहीच. शाळेत सगळी मुलंच, शिकवणाऱ्या सगळ्या ऐकणाऱ्या.

मुलीनं माझा चेहरा आपल्याकडे वळवला. पडद्यावरच्या माणसाची दाढी दाखवली. मग त्याचा कान दाखवला, आणि नाही अशी मान हलवली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, हात डोक्याच्या वर, खूप वर नेला, स्वतःच्या कानावर आणला, आणि भुवया उंचावून थांबली.

मला कळायला क्षणही लागला नाही. तिचे पुढचे दोन दात नुकतेच पडून नवे येत होते. कानही तसेच येतील, मोठं झालं की येतात, अशी तिची समजूत होती. आता हा दाढीवाला माणूस एवढा मोठा होऊनही त्याला आले नव्हते. तसं मानून बसलेली घरात ती एकटीच नव्हती.

दारात यजमान उभे होते, त्यांच्या मागे मामंजी. तोंडानं, इंग्रजीत, हात खाली ठेवून हे सांगायची सोय मला कुठल्याही शाळेनं दिली नव्हती.

नंतरचं सगळं पुष्कळ आहे. दुसऱ्याच दिवशी यजमान स्वतः शाळेत गेले आणि भांडले. मग दुसरी शाळा शोधली. आम्ही दोघं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मुलांच्या मागच्या बाकावर बसून हातांची भाषा शिकलो, आणि यजमान माझ्यापेक्षा चांगली शिकले. त्याचा मला आजही थोडा राग आहे. पण ते पुढचं.

त्या रविवारी ती माझ्याकडे बघत थांबली होती. सात वर्षांत तिनं मला विचारलेला तो पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर 'नाही' असं होतं. मी ते दिलं. पिठाचं बोट तिच्या कानाला लावलं, हात उंच नेला आणि मान हलवली. ती रडली नाही. थोडा वेळ त्या हसणाऱ्या माणसांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली आणि तिनं दुसरा प्रश्न विचारला.